गृह आधार सुटला, दयानंद लागली आणि मधल्या पैशांची वसुली आली: काय करावं?

कुळागर
नमस्कार मंडळी. प्रश्न सासूबाईंचा आहे, पण पळापळ माझी आहे.

त्यांच्या नावे बरीच वर्षं गृह आधार (गोवा सरकार गृहिणींना दरमहा पैसे देतं ती योजना) होता. योजना 2012 मध्ये आली तेव्हा महिना 1000 मिळायचे, मग 1200, मग 1500. गेल्या वर्षी त्यांना साठ पुरी झाली. साठीनंतर गृह आधार सोडून दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत जायचं, तिथे ज्येष्ठांना महिना 2000 मिळतात, असं पंचायतीत सांगितलं. म्हणून जूनमध्ये दयानंदचा अर्ज दिला. ऑक्टोबरपासून ते पैसे जमा होऊ लागले. गृह आधारचेही येतच राहिले, थेट डिसेंबरपर्यंत. सासूबाईंना वाटलं सरकारने वाढवले. त्या खूश होत्या.

आता घरी पत्र आलं आहे. जानेवारी ते डिसेंबर असे बारा महिन्यांचे 18,000 रुपये जादा गेलेत, ते परत भरावेत. हे 18,000 आले कुठून ते कळत नाही. एकदम भरावे लागतात की हप्त्याने चालतं? नाही भरले तर दयानंदही बंद होईल का? सासूबाईंनी तर जेवण कमी केलं आहे. त्यांना वाटतं पोलीस येतील.

---

सुशेगाद_नव्हे
सासू साठीला आली आणि सरकारने सुनेला नोकरी लावली. अभिनंदन!

(हलके घ्या. सासूबाईंना सांगा, पोलीस येत नाहीत. पोलिसांना पर्यटकांच्या भाड्याच्या जीपगाड्यांतून फुरसत नाही.)

---

तत्त्वनिष्ठ
उत्तर सोपे आहे. जो पैसा आपला नाही तो परत द्यायचा. गृह आधार घेणाऱ्यांत सरकारी नोकरांच्या बायका सापडल्या तेव्हा याच संस्थळावर आपण सगळे ओरडत होतो की वसूल करा. आता आपल्या घरावर आल्यावर हप्ते आणि सवलती?

---

मांडवीतीर
@तत्त्वनिष्ठ, परत द्यायचे याबद्दल वाद नाही हो. किती द्यायचे हा प्रश्न आहे. ताईंच्या सांगण्याप्रमाणे दोन्हीकडून पैसे आले ते ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. तीन महिने. 1500 गुणिले 3 म्हणजे 4,500. पत्रात 18,000. चौपट! हे न विचारता भरायचं?

---

खांडेपारचो
काही भरू नका. 2027 च्या सुरुवातीला विधानसभा आहे. निवडणुकीच्या तोंडावर कोण म्हातारीकडे वसुलीला येतो ते मी बघतो. पत्र घडी घालून माळ्यावर टाका.

---

शाणी_बाय
@खांडेपारचो, आणि निवडणूक झाल्यावर? पत्र माळ्यावर टाकलं म्हणून फायलीतली नोंद जात नाही. माझ्या आतेने असंच एक पत्र ठेवून दिलं होतं. पुढे नातीच्या लाडली लक्ष्मी योजनेच्या अर्जासाठी घरात कागद शोधायला लागले तेव्हा ते बाहेर आलं, आणि मग त्या पत्रामागची धावपळ दुप्पट झाली. आलेल्या पत्राला उत्तर द्यावं. "हिशेब समजला नाही, समजावून द्या" एवढंच लिहिलं तरी ते उत्तर असतं.

---

हेडक्लार्क_निवृत्त
कुळागर ताई, मी सरकारी नोकरीत हिशेबाच्या टेबलावर आयुष्य काढले. हे खाते माझे नव्हते, पण वसुलीचा कागद सगळीकडे सारखाच असतो.

पहिले हे समजून घ्या की ही दोन वेगळी दुकाने आहेत. गृह आधार महिला व बालविकास खात्याची, दयानंद समाजकल्याण खात्याची. पैसे दोन्हीकडून सरकारचेच, पण लेखाशीर्ष (सरकारी हिशेबातले खाते) वेगळे, फाईल वेगळी, बाबू वेगळा. त्यामुळे एका ठिकाणी भरणा करून दुसरीकडची नोंद आपोआप मिटेल अशी आशा धरू नका. पत्र ज्या खात्याचे, चलन त्याच खात्याच्या लेखाशीर्षाचे. रोख कोणाच्या हातात देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. चलनाची प्रत, त्यावर बँकेचा शिक्का, आणि त्या प्रतीची झेरॉक्स इनवर्डला (आवक टपालाच्या टेबलावर) देऊन त्यावर आवक क्रमांक. हे तीन कागद सासूबाईंच्या पासबुकाला टाचून ठेवा.

दुसरे, मासिक तक्ता मागा. कोणत्या महिन्याचे किती, का जादा. तोंडी नको, लेखी अर्ज करा. अर्ज दिला की प्रकरण "प्रतिसाद नाही" या गठ्ठ्यातून बाहेर येते. वसुलीत सगळ्यांत वाईट गठ्ठा तो.

तिसरे, तुम्ही एक गोष्ट लिहिली नाही. सासूबाईंची जन्मतारीख काय? आणि ती कोणत्या कागदावर? मांडवीतीर तीन महिने म्हणतात, पत्र बारा म्हणते. दोघांचेही मोजमाप वेगळ्या जागेपासून सुरू होते असा मला वास येतो.

---

सुशेगाद_नव्हे
काका आले. आता धागा मार्गाला लागला. मी बाजूला बसतो.

---

बांद्याचा_बाबू
सीमेपलीकडून राम राम. आमच्याकडे लाडक्या बहिणींचं हेच झालं. फेब्रुवारी 2025 मध्ये सुमारे 5 लाख बहिणी अपात्र ठरल्या, त्यातल्या 2 लाख 30 हजार संजय गांधी निराधार योजनेचे पैसे घेणाऱ्या होत्या. म्हणजे तुमच्यासारखंच, दोन योजना एका खात्यात. पण सरकारने तेव्हा सांगितलं की आधी जमा झालेले पैसे परत मागणार नाही, पुढचे बंद. शेतकरी सन्मानचे महिना 1000 मिळणाऱ्या बहिणींना तर वरचे 500 देऊन दीड हजार पुरे करतात.

गोवा सरकार एवढं कडक का? तुमच्याकडे तर खाणी, कॅसिनो, सगळं आहे.

---

तत्त्वनिष्ठ
@बांद्याचा_बाबू, परत मागितले नाहीत हे चांगले झाले असे तुम्हाला वाटते? तो पैसा कुणाच्या तरी रस्त्याचा होता.

---

बांद्याचा_बाबू
@तत्त्वनिष्ठ, बांदा ते दोडामार्ग रस्ता बघून जा एकदा. लाडक्या बहिणीच्या आधीपासून तसाच आहे.

---

मांडवीतीर
वसुलीच्या कायद्याबद्दल एक. सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2014 चा निकाल आहे, पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह. सरकारच्या चुकीने जादा गेलेला पैसा गरिबांकडून, निवृत्तांकडून वसूल करता येत नाही. हा निकाल जोडून अर्ज करा, विषय संपला.

---

काळा_कोट
विषय संपला नाही. वकील म्हणून दुरुस्ती करतो.

रफिक मसीह प्रकरण कर्मचाऱ्यांच्या पगाराचं आहे. तृतीय आणि चतुर्थ श्रेणी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, पाच वर्षांहून जास्त काळ जादा पगार मिळालेले, अशा काही परिस्थितींत वसुली करू नये असं न्यायालयाने म्हटलं. 2022 मध्ये केरळमधल्या थॉमस डॅनियल या शिक्षकाच्या प्रकरणातही निवृत्तीनंतरची वसुली रद्द झाली. कल्याण योजनेच्या लाभार्थीला हे निकाल थेट लागू होत नाहीत. त्यातलं शेवटचं तत्त्व, म्हणजे वसुली अन्यायकारक आणि जाचक होत असेल तर ती टाळावी, हे विनंतीत वापरता येईल. पण विनंती म्हणून. हक्क म्हणून नव्हे.

शिवाय 2016 चा जगदेव सिंग निकाल विसरू नका. जादा गेलं तर परत करीन असं हमीपत्र आधीच दिलेलं असेल तर वसुली चालते, असं त्यात आहे. योजनांच्या अर्जाखाली बारीक अक्षरात बहुधा असंच काहीतरी असतं आणि आपण सही ठोकतो. ताई, सासूबाईंच्या जुन्या अर्जाची प्रत आहे का? नसेल तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

---

मांडवीतीर
@काळा_कोट, मान्य. पण "जाचक" या शब्दात साठीची बाई आणि 18,000 रुपये बसत नसतील तर मग कोण बसतं?

---

काळा_कोट
बसतात की. म्हणूनच म्हटलं विनंतीत वापरा. सल्ल्याची फी म्हणून धाग्यावर एक चहा पाजा.

---

कुळागर
सगळ्यांचे आभार. हेडक्लार्क काका, तुमचा वास खरा निघाला.

आधारवर सासूबाईंची जन्मतारीख 1 जानेवारी आहे. मामंजी म्हणाले, ही तर खोटी, हिचा जन्म मे महिन्यातला, आंब्याच्या दिवसांतला. मग ट्रंक उघडली. जन्मदाखला निघाला. मे महिना, 1965. गृह आधारचा अर्ज तेव्हा गावातल्या कुणीतरी भरून दिला होता, त्याने आधारची तारीख टाकली. दयानंदच्या अर्जाला मी जन्मदाखला जोडला होता. म्हणजे एकाच बाईला दोन खात्यांत दोन वाढदिवस आहेत.

---

सुशेगाद_नव्हे
1 जानेवारीला जन्मलेल्या सगळ्या आयांना एकत्र केलं तर फातोर्ड्याचं स्टेडियम भरेल.

---

शाणी_बाय
आमच्याकडे सासू, सासरे, मोठी जाऊ, तिघांचाही 1 जानेवारी. एकच केक लागतो. त्या काळी शिबिरात आधार काढताना दाखला नसला की वर्ष विचारून 1 जानेवारी टाकायचे.

---

हेडक्लार्क_निवृत्त
सापडले. आता मोजा.

पत्राचा हिशेब आधारच्या तारखेवर आहे. 1 जानेवारीला साठ झाली, म्हणून जानेवारीपासून पुढचे सगळे गृह आधारचे पैसे जादा. 12 महिने, 18,000.

जन्मदाखल्यावर मोजले तर साठ मे महिन्यात झाली. जूनपासून डिसेंबर, 7 महिने, 10,500.

मांडवीतीर फक्त दोन्ही पैसे ज्या महिन्यांत आले ते धरतात. 3 महिने, 4,500.

तिन्हींत माझे मत मधल्या हिशेबाला. गृह आधारची पात्रता साठीला संपते, दयानंद सुरू होण्यावर ती अवलंबून नाही. पण तो मुद्दा तुम्ही लढा, नाही म्हणत नाही.

आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही हे आधार प्राधिकरणानेच 2018 मध्ये परिपत्रक काढून सांगितले आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये एका अपघात भरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटले. तेव्हा जन्मदाखल्याची साक्षांकित प्रत जोडून फेरहिशेब मागा. एकच काळजी घ्या. दोन्ही फायलींत एकच तारीख राहील असे बघा, आणि आधारही दुरुस्त करून घ्या. नाहीतर दरवर्षीच्या हयात दाखल्याच्या वेळी संगणक पुन्हा अडवेल.

---

स्विंडनकर
उशिरा आलो, रात्रपाळी होती. मूळचा फोंड्याचा, इंग्लंडमध्ये गोदामात काम करतो. तुमचं वाचून हसू आलं, कारण इथे माझ्या घरी हेच नाटक पौंडांत झालं.

इथे कमी पगाराच्या, मुलंबाळं असलेल्या घराला टॅक्स क्रेडिट मिळायचं. ते बंद करून सगळ्यांना युनिव्हर्सल क्रेडिटवर न्यायचं असं ठरलं. घरोघर नोटिसा आल्या, अमुक तारखेपर्यंत नवा अर्ज करा, नाहीतर जुनं बंद. 5 एप्रिल 2025 ला टॅक्स क्रेडिट कायमचं संपलं. आता गंमत बघा. टॅक्स क्रेडिट आधी अंदाजे उत्पन्नावर द्यायचे आणि वर्ष संपल्यावर खरं उत्पन्न बघून हिशेब मिटवायचे. त्या वर्षी बायकोने जादा शिफ्ट घेतल्या होत्या. आधीच्या वर्षापेक्षा उत्पन्न 2,500 पौंडांपर्यंत वाढलं तर ते सोडून देतात, आमचं त्याच्या वर गेलं. म्हणजे जादा मिळालं, म्हणजे परत द्या.

जुन्या लाभाचं कर्ज नव्या लाभाच्या खात्यात जातं. टॅक्स क्रेडिट करखात्याचं, युनिव्हर्सल क्रेडिट कामगार आणि निवृत्तिवेतन खात्याचं. कर्ज एका खात्यातून दुसऱ्यात सरकतं आणि मग दरमहाच्या पैशातून थेट कापून घेतात. चलन नाही, रांग नाही. फोनवरच्या जर्नलमध्ये (लाभाच्या ऑनलाइन खात्यातली नोंदवही) एक ओळ येते आणि महिनाअखेर रक्कम कमी. पूर्वी मूळ भत्त्याच्या 25 टक्क्यांपर्यंत कापायचे, 30 एप्रिल 2025 पासून मर्यादा 15 टक्के केली. आणि हो, युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये चूक खात्याची असली तरी पैसे परत मागता येतात, तसा 2012 चा कायदाच आहे. घरभाड्याच्या जुन्या लाभात तसं नव्हतं. तिथे खात्याच्या चुकीने जादा आलं आणि तुम्हाला ते कळण्याजोगं नव्हतं, तर परत घेत नसत.

शेजारी एक म्हापशाची बाई आहे, आईची देखभाल करते. देखभाल भत्ता घेणाऱ्याची कमाई आठवड्याला 151 पौंडांच्या वर एक पौंड जरी गेली तरी त्या आठवड्याचा अख्खा भत्ता जायचा. एप्रिल 2025 पासून मर्यादा 196 केली. आठवडेच्या आठवडे साठून लोकांवर हजारो पौंडांची वसुली आली, इथल्या वर्तमानपत्रांत महिनोन्‌महिने तोच विषय होता.

माझा सल्ला एवढाच. हप्ता जास्त वाटला तर फोन करून कमी करून मागा. मी मागितला, मिळाला. न मागता कोणी देत नाही, ना तिथे ना इथे. आणि ताई, तुमच्याकडे आपोआप कापत नाहीत हे तुमचं नशीब समजा. भांडायला वेळ मिळतो.

---

तत्त्वनिष्ठ
@स्विंडनकर, माहितीपूर्ण. पण पोर्तुगीज पासपोर्टवर जाऊन इंग्लंडचे भत्ते घेणाऱ्यांनी गोव्याच्या योजनांबद्दल बोलावे का, हाही एक धागा होऊ शकतो.

---

स्विंडनकर
होऊ शकतो. तुम्ही काढा, मी रात्रपाळी संपवून येतो. कर भरतो साहेब इथे, आणि फोंड्याच्या घराची घरपट्टीही.

---

संपादक मंडळ
वैयक्तिक टिप्पण्या टाळाव्यात. पासपोर्टसाठी वेगळा धागा काढावा.

---

कवळ्याची_लेक
अवांतर: कुळागर, सासूबाईंनी ते "वाढलेले" पैसे कशाला खर्च केले? उत्सुकता.

---

कुळागर
@कवळ्याची_लेक, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती चौकट) गेल्या वर्षी अशी बांधली की वाड्यावरचे लोक बघायला आले. कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, नीरफणस, सुपाऱ्यांचे घड, काहीतरी रानातलं ज्याचं नाव मलाही माहीत नाही. बाजारातून एक एक जिन्नस स्वतः निवडून आणला. म्हणाल्या, एरवी मुलाकडे मागायला लागतं, या वर्षी माझ्या पैशांची माटोळी.

---

कवळ्याची_लेक
हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे डिचोलीच्या माटोळीच्या बाजारात गेल्या वर्षी नारळाच्या जोडीला जे सांगितलं ते ऐकून मी नुसतीच फिरून आले. आंबाड्यांची एक पेंडी घेतली.

---

खांडेपारचो
पण चवथ ऑगस्टमध्ये होती. दयानंद ऑक्टोबरपासून. म्हणजे माटोळी साध्या गृह आधारच्या पैशांची, दुप्पट पैशांची नव्हेच. दुप्पट आलं ते दिवाळीला. काका, बघा माझा हिशेब.

---

हेडक्लार्क_निवृत्त
खांडेपारचो, तुम्ही खात्यात हवे होतात.

---

कुळागर
हो, खरंच की. दिवाळीला त्यांनी नरकासुराच्या वर्गणीला शंभर दिले होते, नेहमी वीस देतात. आत्ता उलगडलं.

---

माड_आणि_मी
पीएम किसानमध्ये आमच्या वडिलांचं झालं होतं. ते निवृत्त शिक्षक, निवृत्तिवेतन 10,000 च्या वर, म्हणून अपात्र. कुणीतरी नाव घातलं आणि 2000 चे हप्ते येत राहिले. त्या योजनेच्या संकेतस्थळावर परतफेडीची सोय आहे, आधार क्रमांक टाकला की किती देणं आहे ते दिसतं, तिथेच भरता येतं. गोव्याच्या योजनांना अशी खिडकी असती तर अर्धं भांडण मिटलं असतं. लोक द्यायला तयार असतात हो, कुठे आणि किती ते कळत नाही.

---

तत्त्वनिष्ठ
@माड_आणि_मी, हे मात्र शंभर टक्के पटले.

---

शाणी_बाय
एक विचारते. गावात एक विधवा बाई आहे, धाकटा मुलगा कॉलेजात. तिला दोन्हीकडचे पैसे येतात. तिच्यावरही अशी वसुली येईल का? ती हा धागा वाचणार नाही, पण मला तिला सांगायचं आहे.

---

माड_आणि_मी
@शाणी_बाय, विधवांचं वेगळं आहे. 2023 मध्ये सरकारने ठरवलं की सर्वांत धाकटं मूल 21 च्या आत असेल तर दयानंदचे 2500 आणि गृह आधारचे 1500 मिळून 4000 द्यायचे. तिला घाबरवू नका. मुलगा 21 चा झाला की मात्र चौकशी करायला सांगा.

---

मांडवीतीर
मूळ मुद्द्याकडे येतो, कारण काकांचा मधला हिशेब मला अजून पटलेला नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सासूबाईंना फक्त गृह आधारचे 1500 मिळाले. दयानंदचे शून्य, कारण अर्ज मंजुरीत होता. आता ते 1500 ही परत द्यायचे म्हणजे या चार महिन्यांत त्यांना काहीच मिळालं नाही असं ठरतं. पात्र तर त्या होत्या! साठीच्या आधी एका योजनेला, साठीनंतर दुसरीला. मधली दरी कागद फिरण्याच्या वेळेची आहे. त्याची किंमत म्हातारीने का द्यावी?

---

हेडक्लार्क_निवृत्त
मांडवीतीर, तुमचा मुद्दा न्यायाचा आहे, माझा नियमाचा होता. दोन्ही एका अर्जात मांडता येतात. ताई, दयानंदचा मंजुरी आदेश काढून वाचा. लाभ कोणत्या महिन्यापासून लागू असे लिहिले आहे? अर्जाच्या महिन्यापासून लिहिले असेल तर चार महिन्यांची थकबाकी तुम्हालाच येणे आहे, 8,000 रुपये. मग वसुली नव्हे, उलटा हिशेब होईल.

---

सुशेगाद_नव्हे
ऑँ! सासूबाई सावकार निघाल्या की काय?

---

कुळागर
आदेश बघितला. "ऑक्टोबरपासून" असं स्पष्ट लिहिलं आहे. सावकारी हुकली.

---

कुळागर
बऱ्याच दिवसांनी येते आहे, माफ करा. नवऱ्याची बदली, मुलाची परीक्षा, सगळं एकदम.

जन्मदाखला जोडून फेरहिशेबाचा अर्ज दिला, इनवर्डचा शिक्का घेतला. टेबलावरच्या बाई चांगल्या होत्या. दाखला बघून म्हणाल्या, अशी बरीच प्रकरणं येतात. नवं पत्र आलं, रक्कम 10,500. काका, तुमचा आकडा जसाच्या तसा. हप्त्यांचीही विनंती केली होती, महिन्याला 1500 प्रमाणे सात चलनं मान्य झाली. दयानंद चालू आहे, तिला काही झालं नाही. पहिलं चलन मी भरलं, सासूबाई बरोबर आल्या होत्या, खिडकीतल्या माणसाला त्यांनी विचारलं की पोलिसांना कळवलंत का. तो बिचारा गोंधळला.

मांडवीतीर, तुमचा चार महिन्यांचा मुद्दा वेगळ्या अर्जात मांडला. 6,000 माफ करावेत अशी विनंती. काळा_कोट यांनी सांगितलं तसं "जाचक" लिहिलं, "हक्क" लिहिलं नाही. त्याचं अजून उत्तर नाही. हप्ते भरत राहते, माफ झाले तर शेवटची चार चलनं वाचतील. आधार दुरुस्तीलाही दिला आहे.

---

मांडवीतीर
मस्त. अर्ज पडून राहिला तर महिन्याभराने स्मरणपत्र द्या. मूळ अर्जाचा आवक क्रमांक त्यात लिहा.

---

तत्त्वनिष्ठ
शेवटी पैसे भरलेच. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितले होते.

---

शाणी_बाय
@तत्त्वनिष्ठ, तुम्ही सांगितलंत तसं केलं असतं तर 7,500 जास्त भरले असते.

---

काळा_कोट
चहा अजून आलेला नाही.

---

पेडण्याचा_नातू
नमस्कार, मी नवीन सदस्य. आजीचं गेल्या वर्षी निधन झालं. तिच्या दयानंदच्या खात्यावर, जे काकांबरोबर जॉइंट आहे, निधनानंतरही काही महिने पैसे आले. कुणी काढलेले नाहीत. आता बँकेने खातं होल्डवर ठेवलं आहे आणि त्यात काकांचे स्वतःचे पैसेही अडकलेत. काय करावं?

---

हेडक्लार्क_निवृत्त
नातूसाहेब, मृत्युदाखला आणि पासबुकाच्या नोंदी घेऊन आधी खात्याला निधनाची तारीख लेखी कळवा, त्या पत्राची पोच बँकेत द्या. निधनानंतर जमा झालेली रक्कम तेवढीच अडवून बाकीचे खाते मोकळे करा असा अर्ज शाखा व्यवस्थापकांना करा. काकांच्या पैशांच्या नोंदींवर वेगळी खूण करून द्या, म्हणजे वाद नको. बाकी तपशील नव्या धाग्यात लिहा, इथे हरवेल.